वजनकाटा व मोजपट्टी

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभावांचा आढावा, करांच्या नियमांतील फेरफार व जुन्या पेढ्यांच्या हकिकती यांविषयी लेख यावेत असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. या वर्षी मात्र आम्ही पोटाविषयी लिहावयास बसलो आहोत. संपादक मंडळाने 'विषय जरा हलका होतो' अशी शंका काढली, तेव्हा आम्ही त्यांस एवढेच विनविले की, आपल्या बेळगावच्या बाजारात पन्नाशीच्या आतबाहेर असता ज्या गृहस्थांच्या गाद्या एकाएकी रिकाम्या झाल्या त्यांची नावे आपण मनातल्या मनात मोजावीत. पुढे शंका निघाली नाही.

लिहिण्यास निमित्त असे घडले. संघाच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील सभागृह सभासदांच्या आरोग्यासाठी उपयोगात आणावे असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आला असून त्यात दहा ट्रेडमिल यंत्रे घेण्याची सूचना आहे. हेतू स्तुत्य आहे. ज्यांनी सूचना मांडली ते आमचे स्नेही आहेत. तरीही त्या दहा यंत्रांस आमचा विरोध आहे, आणि विरोध करणाराने कारणे द्यावीत हा आपल्या संघाचा दंडक असल्यामुळे ती येथे देत आहोत.

दुकानदार आणि मेद यांचा संबंध हा काही आमच्या कल्पनेचा खेळ नव्हे. कलकत्त्याजवळ चेंगाईल येथील तागाच्या गिरणीत झाँ मेयर व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक माणसांचे काम, आहार आणि वजन तपासले व त्याचे निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध केले. ओझी वाहणाऱ्यांपासून कारकुनांपर्यंत आणि दिवसभर जागा न सोडणाऱ्या दुकानदारांपर्यंत त्यांनी कामाच्या मानाने वर्ग पाडले होते. मेहनत वाढेल तसा आहार वाढतो, हे अपेक्षितच होते. नवल दुसऱ्या टोकास दिसले. मेहनत अगदीच कमी झाली म्हणजे भूक तिच्यामागोमाग उतरत नाही. बैठे लोक जवळजवळ कष्टकऱ्यांइतकेच खात होते, आणि वजनाने भारी तेच होते. गादीवर बसून भूक मंदावत नाही, याचा अनुभव दुपारी चारच्या चहाबरोबर येणाऱ्या बशीने आपणा सर्वांस दिलाच आहे.

त्याच सुमाराचा दुसरा दाखला लंडनचा आहे. तेथील दुमजली बसगाड्यांत चालक बसून गाडी हाकीत आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की, वाहकांपेक्षा चालकांस हृदयविकार अधिक होतो. पुढे १९५६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या गणवेशांची मापे काढून पाहिली, तो चालकांच्या विजारी कमरेस अधिक रुंद निघाल्या. आम्ही कापडवाले, शिंप्याच्या वहीतील माप वैद्यांच्या कामी आले, ही गोष्ट आम्हांस फार भावली. वजनकाट्यापेक्षा मोजपट्टीवर आमचा विश्वास बसू लागला तो तेव्हापासून.

मग चालावे, हे ओघानेच आले. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आणि किल्ला तलावाच्या काठी पहाटे आपले अर्धे सभासद भेटतात. त्यांचा हा नियम मोडावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. भरभर चालण्याने रक्तदाब व साखर यांस आळा बसतो, आणि आतड्यांभोवती साचणारा जो घातक मेद असतो तोही काही अंशी कमी होतो. परंतु नुसत्या चालण्याने वजन उतरेल, या आशेचा हिशेब मांडून पाहावा. सत्तर किलो वजनाचा गृहस्थ ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालला तर सुमारे २४५ उष्मांक खर्च होतात. त्यांतील ७० तो घरी बसून राहिला असता तरी झालेच असते. म्हणजे चालण्याचा निव्वळ खर्च १७५. एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. भागाकार केला तर एक किलोस ४४ दिवस लागतात, आणि तेही तेवढ्या दिवसांत एक घासही अधिक न खाल्ला तर. परतीच्या वाटेवर पन्नास ग्रॅम कुंदा तोंडात टाकला की त्या दिवसाचा जमाखर्च बहुतांशी बरोबर झाला. दररोज दहा हजार पावले हा आकडाही कोणा ऋषीने सांगितलेला नाही. जपानात १९६५ साली पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावातच 'दहा हजार पावले' असे शब्द होते. व्यापाऱ्यास व्यापाऱ्याची युक्ती ओळखता यावयास हवी.

आता आमचीच गोष्ट सांगतो. त्रेपन्नाव्या वर्षी आमचे वजन ८६ किलो आणि कमर १०६ सेंटीमीटर होती. डॉक्टरांनी कान उपटल्यावर आम्ही शहरातील एका व्यायामगृहात वर्षाचे शुल्क भरले. तेथे शिकविण्यास नेमलेला तरुण आपल्या फोनात गढलेला असे. त्याने बोट दाखविले त्या ट्रेडमिलवर आम्ही रोज पाऊण तास चाललो. आहार तर असा तोडला की घरात वाद होऊ लागले: सकाळी चहा व दोन खाकरे, दुपारी एक फुलका व पाणीदार डाळ, सूर्यास्तापूर्वी पुन्हा खाकरे. एका प्रदर्शनातून पोटास गुंडाळण्याचा, विजेवर थरथरणारा पट्टाही आणला. पाच महिन्यांत बारा किलो उतरले. ज्याने त्याने अभिनंदन केले, दोन-चार सभासदांनी तर तोच मार्ग धरला, आणि आम्ही तो त्यांस मोठ्या तोऱ्यात समजावून दिला. आज त्यांची क्षमा मागणे आम्हांस प्राप्त आहे.

कारण त्याच सुमारास एका लग्नाच्या पंगतीत पाटावरून उठताना आम्हांस शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. दुकानात वरच्या फळीवरील सुटिंगचे तागे उतरविताना दंड थरथरू लागले. बारा किलो गेले, तरी कमर १०६ वरून ९९ पर्यंतच आली होती. चेहरा मात्र असा ओढला होता की मातोश्री डोळ्यांत पाणी आणीत.

एके दिवशी तालमीतील एक जुने वस्ताद मांजरपाट घेण्यासाठी दुकानात आले. आम्ही तागा ओढीत असता ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "शेठजी, पोट घालवाय निघालासा आणि मांड्या घालवून आलासा की!"

वस्तादांनी जे डोळ्यांनी पाहिले तेच पुढे आम्ही वाचले. माणूस कमी खाऊ लागला म्हणजे शरीर आपली तूट केवळ मेदातून भरून काढीत नाही. स्नायूंतूनही उचल करते. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील १६० स्थूल स्त्री-पुरुषांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींस आहार कमी करून केवळ चालणे-धावणे या जातीचा व्यायाम दिला, काहींस आहार कमी करून वजने उचलण्याचा, काहींस दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे नऊ टक्के उतरले. काट्यावर पाहणारास तिघांत काही भेद दिसला नसता. परंतु मेद वगळून राहणारे जे शरीर, ते चालणाऱ्यांचे पाच टक्के घटले, वजने उचलणाऱ्यांचे दोन टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचे तीन. उठणे, बसणे, जिना चढणे या कामांत दोन्ही करणारे सर्वांत पुढे होते. आम्ही पडून राहिलेला माल काढावयास निघालो आणि त्याबरोबर दुकानाचे भांडवलही फुंकून आलो, हे आम्हांस तेव्हा उमगले. पुढच्या लग्नसराईत सात किलो परत आले, ते मांड्यांस चिकटले नाहीत. सगळे पोटावर बसले.

आपल्या लोकांस या भांडवलाची चिंता इतरांहून अधिक का असावी, याचे उत्तर आपल्या जवळच, पुण्यात मिळते. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा एकच, २२.३. परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! काट्यावर सारखे दिसणारे दोन विद्वान आतून इतके निराळे. भारतीय माणसाच्या अंगी मुळात स्नायू थोडे व मेद अधिक, आणि तोही पोटात. म्हणूनच २००९ साली आपल्या देशातील तज्ज्ञांनी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटीमीटर अशी कडक ठरविली. माप विजार बांधतो तेथे घ्यावयाचे नसते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पट्टी आडवी धरून ते घ्यावे. पोटाखाली विजार बांधून 'आमची कमर चौतीस' असे सांगणारे गिऱ्हाईक आम्ही रोज पाहतो.

पोट उतरविण्यासाठी पोटाचाच व्यायाम करावा ही समजूत फार जुनी आहे. ती खरी असती तर टेनिस खेळणाऱ्याच्या ज्या हाती बॅट असते त्या हातावर दुसऱ्यापेक्षा कमी मेद दिसावयास हवा होता. १९७१ साली अमेरिकेत तशी मोजणी झाली; स्नायू त्या हाताचे मोठे निघाले, पण कातडीखालील मेद दोन्ही हातांवर सारखाच. मेद कोठून आधी काढावयाचा हे शरीर आपल्या मर्जीने ठरविते. थरथरणारा पट्टा आमच्या माळ्यावर आहे. कोणास हवा असल्यास विनामूल्य न्यावा.

येथे आहाराविषयी लिहिणे भाग आहे, कारण मेद उतरण्याचे मुख्य काम ताटावरच होते. आपल्या परंपरेत अनशनाच्या जोडीने ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी घेणे, हेही तप मानले आहे. मेदाच्या दृष्टीने पाहता रोज पाळलेली ऊनोदरी ही आठ दिवसांच्या कडक उपवासापेक्षा आणि त्यानंतरच्या पारण्यांच्या मेजवान्यांपेक्षा कितीतरी फलदायी आहे. तप करावे ते तपासाठी. वजन उतरविण्यासाठी अठाई धरणाऱ्यांनी दोन निराळ्या खात्यांची सरमिसळ करू नये, असे आमचे नम्र मत आहे. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून तर ती मुळीच धरू नये.

कमी खावयाचे, पण कमी काय करावयाचे? आमची पाणीदार डाळ हीच चूक होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार सत्तर किलोच्या माणसास दिवसाला सुमारे ५८ ग्रॅम प्रथिने लागतात. मेद उतरवीत असता स्नायू राखावयाचे तर त्याहून काही अधिक घ्यावीत असे जाणकार सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आपल्या मनाने वाढवू नयेत. आता आपले ताट पाहा. एका फुलक्यात तीन ग्रॅम, पातळ डाळीच्या वाटीत चार-पाच, पेलाभर दुधात सहा-सात. भात, फुलके, साखर व तूप यांनी ताट भरते, पण प्रथिनांची बाजू तुटीत राहते. साठ ग्रॅम मूगडाळीचे धिरडे केले तर त्यात चौदा ग्रॅम येतात, पन्नास ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात दहा, शंभर ग्रॅम पनीरात अठराच्या आसपास. कच्च्या दह्याताकाशी द्विदल वर्ज्य मानणाऱ्या घरांत धिरडे सकाळी व दही दुपारी असा फेर सहज बसतो. कांदा-लसणीवाचून, कंदमुळांवाचून हे सर्व होते. त्यासाठी कोणती भुकटी विकत घ्यावी लागत नाही.

वस्तादांनी आम्हांस आखाड्यात नेले नाही. त्यांनी दुकानातील खुर्ची पुढे ओढली आणि हात न लावता तिच्यावरून उठावयास सांगितले. आठ वेळा उठलो तेव्हा धाप लागली. पहिले दोन महिने एवढेच: खुर्चीवरून बैठका, भिंतीस हात टेकून दंड, आणि दोन्ही हातांत वाळूच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन गोदामात फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. जे सोपे वाटू लागेल ते थोडे अवघड करावयाचे, हा सगळ्या शास्त्राचा गाभा त्यांनी एका ओळीत सांगितला. भिंतीवरून आम्ही मेजावर आलो आणि मेजावरून जमिनीवर. श्वास कोंडून जोर करावयाचा नाही, आणि गुडघा दुखत असेल तेथपर्यंत वाकावयाचे नाही, हे दोन नियम त्यांनी पक्के पाळावयास लावले. दीड वर्षांत ८१ किलोंवरून आम्ही ७७ वर आलो. ट्रेडमिलच्या दिवसांत ७४ पर्यंत गेलो होतो, म्हणजे काट्याच्या हिशेबाने आजची स्थिती वाईट. कमर मात्र ९२ आहे.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. स्नायू वाढले म्हणजे झोपेतही मेद जळतो, असे व्यायामगृहांच्या जाहिरातींत लिहिलेले असते. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे तेरा उष्मांक खर्च करतो. त्या भरवशावर कुंदा खाऊ नये. स्नायूंचे खरे मोल निराळे. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर सामावून घेणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार तेच. कोठार लहान झाले की माल रक्ताच्या रस्त्यावर पडून राहतो. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिला आहे, त्यांत गादीवाल्यांचा वाटा किती याची प्रत्येक घरास कल्पना आहे. २०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शने आपल्या देशात मिळू लागली असून काही सभासद ती घेतही आहेत. डॉक्टरांनी दिली असल्यास अवश्य घ्यावीत. परंतु त्यांनीही मेदाबरोबर स्नायू जातात, सबब त्यांस तर बैठकांची गरज अधिकच.

चालण्याचे काय? ते ठेवावेच, पण त्याची वेळ बदलून पाहावी. एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहते, असे २०१३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात साठीपुढील लोकांत दिसून आले. आपणांपैकी जे सूर्यास्तापूर्वी जेवतात त्यांस ही सोय आयतीच आहे. जेवून दुकानात परतल्यावर दुकान वाढवीपर्यंत दोन तास हाताशी असतात. त्यातील पाव तास मारुती गल्लीतून गणपत गल्लीपर्यंत फेरी मारण्यात घालवावा. उधारीही वसूल होते.

घरातील स्त्रियांस या बाबतीत आपण फार उपेक्षिले आहे. आमच्या आजीने जाते ओढले, राहाटावर पाणी काढले. ते कष्ट परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कष्टांनी हाडांस व दंडांस जो भार मिळे तो गेला, आणि त्याच्या जागी काही आले नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. तेव्हा त्यांस नुसते 'चालावयास जा' असे सांगून भागत नाही. वजने त्यांनीही उचलली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली चालण्यासारख्या व्यायामाबरोबर स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस करावा असे जे सांगितले आहे, त्यात स्त्री-पुरुष भेद नाही.

हे काही परके शास्त्र नव्हे. करंदीकर मुजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले. दंड, बैठक, मुद्गल हे शब्द आपल्याच भाषेतील आहेत. ते आपण पैलवानांकडे ठेवून दिले आणि स्वतःकडे तक्के घेतले, एवढेच.

म्हणून आमची उपसूचना अशी आहे. ट्रेडमिल दोनच घ्यावीत. बेळगावचा पाऊस पाहता चालणाऱ्यांस आषाढ-श्रावणात ती लागतील. उरलेल्या रकमेतून लहान-मोठी डंबेल, मुद्गलांच्या चार जोड्या, रबरी पट्टे, सतरंज्या आणि टेकू घेण्यास भक्कम बाके घ्यावीत. यंत्रांची वीज व दुरुस्ती वाचेल त्यातून एक जाणकार शिक्षक कायम पगारी नेमावा, कारण आमची पाच महिन्यांची चूक शिकविणारा नसल्यामुळेच झाली. पहाटे सहा ते आठ पुरुषांस व दुपारी अकरा ते एक स्त्रियांस सभागृह मोकळे ठेवावे. हृदयविकार अथवा रक्तदाब असणारांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. आणि दाराशी वजनकाटा ठेवू नये. भिंतीवर मोजपट्टी टांगावी.

वार्षिक सभेच्या दिवशी मतदानापूर्वी अर्धा तास आम्ही दुकानातील कापडी पट्टी घेऊन जिन्याशी बसणार आहोत. ज्यांस आपला घेर वहीत लिहून घ्यावयाचा असेल त्यांनी यावे. नावापुढील आकडा दुसऱ्यास दाखविला जाणार नाही. पहिली नोंद आमची आहे: ९२, दोन सेंटीमीटर येणे बाकी.